ओरालिया आत्याचा दुखवटा

ऑस्टिन, ३ ऑगस्ट

ती. ओरालिया आत्यास,
मारिसेलाचा सा. न.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या तोर्तिया वाटेतच संपल्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई वासानेच कासावीस झाल्या होत्या, म्हणून त्यांना दोन दिल्या. आता तू म्हणशील, म्हणजे पोरगी उपाशीच राहिली. नाही राहिले. पाच खाल्ल्या.

फोन करावासा वाटला आणि मग आठवलं की तुला ऐकू येत नाही, करून उपयोग नाही. तुझ्या शेजारच्या चेन्चाबाईंच्या मुलीने तुला मेसेज वाचता यावेत म्हणून दिलेला मोबाइल तू पिठाच्या डब्यात ठेवून दिलास, असं तिनेच मला सांगितलं. तेव्हा पत्रच बरं. माझं स्पॅनिश लंगडतं, चुका दिसल्या तर पोटात घाल. शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून मास्तरांनी पपांच्या हातावर छड्या मारल्या आणि त्यांनी माझ्याशी जन्मभर इंग्रजीच बोलायचं ठरवलं, यात माझा काय दोष?

पपा गेल्यावर नवव्या दिवशी रोझरीची प्रार्थना संपली तेव्हा सगळ्या बायकांसमोर तू माझ्या गिटारला काळी फीत बांधलीस, ती तशीच आहे. एक वर्ष गाणार नाही म्हणाले, ते पाळते आहे. दिवसभर लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालते आणि शुक्रवारी-शनिवारी बँडबरोबर जाऊन मागच्या बाकावर बसते. सध्या डेल्मर गातो. डेल्मर म्हणजे आमचा स्टील गिटारवाला, त्रेसष्ट वर्षांचा. स्टीलवर त्याचा हात असा चालतो की बिअर प्यायला आलेली माणसं ग्लास खाली ठेवतात. पण गातो म्हणजे शब्द मोठ्याने वाचून दाखवतो. जोडपी टू-स्टेप नाचता नाचता हसतात.

मला त्या बाकावर बसवत नाही, आत्या. पपा गेल्याचं तिथे जास्त कळतं. ट्रकमध्ये त्यांच्याशेजारी बसून मी जी गुत्त्यांतली हाँकी टाँक गाणी शिकले, तीच समोर चालू असतात आणि माझ्या तोंडाला कुलूप.

वेळेवर जेव. पपांचे बूट इतक्यात कुणाला देऊ नकोस. आशीर्वाद असू दे.

तुझी,
मारिसेला


रेमंडव्हिल, १४ ऑगस्ट

चि. मारिसेला हिला,
आत्याचे अ. आ.

पत्र मिळालं. चुका अकरा निघाल्या, पण मी मोजल्या नाहीत असं समज.

इथे उन्हाने कहर केला आहे. मी काळ्या कपड्यांत भाजून निघते आहे. चेन्चा रोज येते, माझ्या पाटीवर चार ओळी खरडते आणि माझी अर्धी कॉफी पिऊन जाते. तिचं म्हणणं, एवढ्या उन्हात पांढरं नेसलीस तरी देव काही वर येऊन बघणार नाही. मी तिला म्हटलं, देव बघत नसेल पण तू बघतेस ना, आणि तुझ्या तोंडून सगळ्या गावाला कळतं.

दुखवटा आपल्या रीतीप्रमाणे चालू आहे. आरसा झाकला. टीव्ही भिंतीकडे फिरवला. तुझ्या पपाच्या, चेबोच्या रेडिओवर काळं फडकं घातलं आणि चार कोपऱ्यांना दोरा बांधला, वाऱ्याने उडायला नको. आईच्या वेळी केलं होतं तसंच, काही कमी ठेवलं नाही. हल्ली लोक नऊ दिवस झाले की लग्नात नाचायला मोकळे. आपल्या घरात तसं होणार नाही. चेबो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्याचं करायची वेळ माझ्यावर यावी हेच वाईट. मग निदान नीट तरी करू.

तू शब्द पाळते आहेस हे वाचून बरं वाटलं. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुला मी वाढवलं, तेव्हा तू शब्द मोडणार नाहीस हे मला ठाऊकच होतं. बूट पलंगाखाली आहेत. मी रोज पुसते.

कुत्र्यांना आंघोळ घालून झाल्यावर हात साबणाने धूत जा. माझी माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझी आत्या,
ओरालिया


ऑस्टिन, १९ सप्टेंबर

ती. ओरालिया आत्यास,
मारिसेलाचा सा. न.

आज काही मागायला लिहिते आहे. आधीच सांगते म्हणजे चौथ्या ओळीपर्यंत तुझ्या जिवाला घोर नको.

होलुबेक हॉलचं बोलावणं आलं आहे. चौदा नोव्हेंबर, शनिवार. तो हॉल तुला आठवत असेल. पपा पंधरा-सोळा वर्षांचे असताना तुम्ही सगळे तिकडे कापूस वेचायला जायचात. शनिवारी पपा त्या हॉलच्या खिडकीखाली उभे राहून गाणी ऐकायचे, कारण आपल्या मेक्सिकन लोकांना आत घेत नसत. ही गोष्ट त्यांनी मला शंभर वेळा सांगितली आणि एकदाही कडवटपणे सांगितली नाही. खिडकीखाली नाचायला जागा जास्त होती, म्हणायचे.

त्या हॉलमध्ये आता आम्हा पाच जणांना बोलावलं आहे. ती संध्याकाळ जमली तर पुढच्या वर्षी दर महिन्याचा एक शनिवार आमचा. नाही जमली तर बँड मोडेल हे उघड आहे. टेसाला, म्हणजे आमच्या फिडलवाल्या मुलीला, तिच्या ओक्लाहोमातून दुसरीकडून विचारणा होते आहे. ती चोक्तो आहे, तिकडच्या मूळ रहिवाशांपैकी; तिच्या आजोबांकडून फिडल शिकली. ड्रमवाल्याच्या पणजोबांनी बोहेमियातून येऊन असलाच एक हॉल बांधला होता. अकॉर्डियनवाला आपल्याच मॅकअ‍ॅलनचा. स्टील गिटार तर मुळात हवाई बेटांवरून आली, असं डेल्मर सांगतो. मागे एका वर्तमानपत्राच्या बाईंनी मला विचारलं होतं की फुलाफुलांचा ब्लाउज घालून ‘तुमच्या लोकांचं’ काही गाल का. मी म्हटलं, बाई, हेच माझ्या लोकांचं आहे, माझ्या बापाने कांद्याच्या ट्रकमध्ये दिलेलं. त्यांनी ते छापलं नाही.

पण हॉलवाल्यांना मी हवी आहे, आत्या. डेल्मरचं वाचन नको आहे. मला दहा ऑक्टोबरच्या आत हो की नाही कळवायचं आहे.

मी डेल्मरला सगळं सांगितलं. त्याने मला स्वतःची गोष्ट सांगितली. तो ब्यूमाँटच्या एका चर्चमध्ये स्टील शिकला. तिथे ती फक्त देवासाठी वाजवायची. पहिल्यांदा बिअरच्या गुत्त्यात वाजवून घरी गेला तेव्हा आईने त्याचं ताट पुसून कपाटात ठेवून दिलं आणि ते पुन्हा कधी काढलं नाही. आई जाईपर्यंत तो त्या टेबलावर जेवला नाही. तो म्हणाला, परक्यांनी दार लावलं तर माणूस खिडकी शोधतो, पण घरच्यांनी लावलं तर काय करावं हे मला आजही माहीत नाही. आत्याला विचारल्याशिवाय जाऊ नकोस, असंही म्हणाला.

म्हणून विचारते. शब्द मी तुला आणि पपांना दिला होता. त्यांना विचारता येत नाही. एका संध्याकाळपुरती मला मोकळी कर. काळे कपडे घालूनच गाईन. दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प बसेन. पपांनी नाही म्हटलं असतं असं तुला मनापासून वाटत असेल तर तसं लिही, मी मानेन.

उत्तराची वाट बघते. राग आला तरी लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
मारिसेला


रेमंडव्हिल, २६ सप्टेंबर

चि. मारिसेला हिला,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. उत्तर लगेच लिहिते, कारण ताटकळत ठेवणं वाईट.

नाही, बाळ.

तुला वाटेल म्हातारीला काय कळतं. तर ऐक. मी एकोणीस वर्षांची होते. आपल्या गावच्या रेडिओवर दर रविवारी सकाळी पाव तास मी गायचे. ट्रकवाले, शेडमधल्या बायका, चर्चला निघालेले लोक, सगळे ऐकायचे. मग आई गेली. दुखवट्याचं वर्ष लागलं. रेडिओवाल्यांनी तीन महिने वाट बघितली आणि मग तो पाव तास अ‍ॅलिस गावच्या दोन बहिणींना दिला. वर्ष संपल्यावर मी विचारायला गेले, तर त्या बहिणींचं नाव झालं होतं. मी परत आले आणि कांद्याच्या शेडमध्ये लागले. चाळीस वर्षं त्या यंत्रांशेजारी कांदे निवडले. त्या आवाजाने हळूहळू कान गेले आणि सहा वर्षांपूर्वी पूर्णच गेले. पण आईला मी जे दिलं ते दिलं, त्यातलं काही मागे घेतलं नाही. आणि मी जगले. तूही जगशील.

चेबो काय म्हणाला असता असं विचारलंस. मला वाटतं तो नाही म्हणाला असता. तो माझा भाऊ होता, मी त्याला ओळखते. एक संध्याकाळ सोडली की दुसरी सुटते. सगळ्या बायकांसमोर दिलेला शब्द आहे. चेन्चाला तर कारणच हवं असतं.

तुझ्या बँडची मला काळजी वाटते. पण जी माणसं वर्षभर थांबत नाहीत ती तुझी कशी?

माझ्यावर रुसू नकोस. मी तुझं वाईट चिंतणार नाही एवढं तरी मान.

तुझी आत्या,
ओरालिया


ऑस्टिन, ७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. काल होलुबेक हॉलला नाही म्हणून कळवलं. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. वडील गेल्याचं सांगितल्यावर त्यांनाही वाईट वाटलं. तो शनिवार ह्यूस्टनच्या एका बँडला दिला.

टेसा पुढच्या आठवड्यात तल्साला जाते आहे. ती रडली, मीही रडले. तिचं काही चुकलं नाही, तिला एक पोरगी आहे. ड्रमवाल्याने तोंड फिरवून सामान आवरलं. अकॉर्डियनवाला म्हणाला की त्याच्या घरी दुखवटा असता तर आजीनेही हेच केलं असतं, आणि हात मिळवून गेला. डेल्मर तेवढा आहे. तो संध्याकाळी येतो आणि जिन्यात बसतो.

तू रेडिओवर गायचीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत पपाही कधी बोलले नाहीत. तू स्वयंपाकघरात गुणगुणायचीस एवढंच मला आठवतं.

पपा नाही म्हणाले असते असं तू लिहिलंस. मी ते खरं धरलं आहे. त्याच आधारावर उभी आहे.

प्रकृतीला जप.

मारिसेला


रेमंडव्हिल, १७ नोव्हेंबर

माझ्या मारिसेलास,
आत्याचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

महिनाभर लिहिलं नाही. रोज कागद काढायचे आणि परत ठेवायचे.

परवाच्या शनिवारी, चौदा तारखेला, चेन्चा आली. ती तारीख मला पाठ होती, तिला ठाऊक नव्हती. कॉफी पिता पिता रेडिओकडे बघत बसली आणि मग पाटी ओढून लिहिलं की हे फडकं कुणासाठी घातलं आहेस. मी म्हटलं चेबोच्या दुखवट्यासाठी. तिने पुसून पुन्हा लिहिलं की चेबो गेला, तू ठार बहिरी, घरात तिसरं माणूस नाही, मग गाणं ऐकणार कोण होतं, कोंबड्या? आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. चार महिने मी दोऱ्याच्या गाठी तपासत होते, आणि त्या रेडिओचा आवाज माझ्या घरात ऐकू येणारं कुणी नव्हतंच. हसता हसता रडायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाही. बिचारी चेन्चा घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाली होती.

आता खरं लिहिते. लिहिलेलं खोडणार नाही.

मी जगले असं तुला लिहिलं होतं. त्या अ‍ॅलिसच्या बहिणींचा आवाज रविवारी लागला की मी नळ सोडून भांडी आपटत बसायचे. किती वर्षं ते विचारू नकोस. मग कान गेले. तेव्हा कुणी काळे कपडे घातले नाहीत, आरसा झाकला नाही, नऊ दिवस रोझरी म्हटली नाही. चेबो रेडिओ लावायचा, त्याच्या पायाचा ठेका मला दिसायचा. तू सुट्टीला यायचीस, गिटार घेऊन तोंड उघडायचीस, आणि मी तुझ्याकडे नाही, चेबोच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. त्या चेहऱ्यावरून मला कळायचं की तू किती चांगलं गातेस. बँडमध्ये गायला लागल्यापासूनचं तुझं गाणं मी एकदाही ऐकलेलं नाही. मला तुमचा दोघांचा हेवा वाटायचा, पोरी. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली तू, आणि तुझा हेवा.

चेबो गेला, आणि घर माझ्या कानांइतकं गप्प करायची मला संधी मिळाली. ती मी घेतली. तुला बायकांसमोर उभं केलं ते मुद्दाम, म्हणजे तुला नाही म्हणता येऊ नये.

आणि चेबो नाही म्हणाला असता, हे साफ खोटं. आईच्या दुखवट्यात तो बारा वर्षांचा होता. गोठ्यामागे जाऊन शीळ घालायचा. मी त्याला तिथे गाठून थोबाडीत मारली होती. तो रडला नाही. मला म्हणाला की आईलाच ऐकवतो आहे. हे मी तुला सप्टेंबरमध्ये लिहायला हवं होतं. तू मला विचारलं होतंस आणि मला आठवतही होतं.

तुझा शब्द मी तुला परत देते. आता त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. जे आईच्या दुखवट्याने आणि रीतीने माझं केलं, ते मी स्वतःच्या हाताने तुझं केलं.

फडकं काढून चुलीत घातलं. लिहावंसं वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तरी मी पोस्टमनची वाट बघेनच, सवय आहे.

ओरालिया


ऑस्टिन, ६ डिसेंबर

ती. ओरालिया आत्यास,
सा. न. अगदी मनापासून आहे असं आज म्हणत नाही, पण आहे.

पत्र तीन वेळा वाचलं आणि मग दहा दिवस त्याला हात लावला नाही. मुद्दाम. तुलाही थोडी वाट बघू दे असं वाटलं. ते वाईट होतं, तरी केलं.

मला राग आला आहे. होलुबेक हॉलचा नाही. तिथलं वर्षाचं ठरून गेलं, ते आता आपलं नाही. राग याचा आहे की तू पपांच्या नावाने मागितलंस. ‘सेला, मला एकटीला हा गप्पपणा झेपत नाही, वर्षभर माझ्यासोबत बस,’ असं तू म्हणाली असतीस तर मी बाडबिस्तरा घेऊन आले असते. कुरकुरले असते, पण आले असते. सहा वर्षांत मी एकदाही तुला विचारलं नाही की तुला काय ऐकायला मिळत नाही. पपांनीही विचारलं नाही. आम्ही रेडिओ लावून बसायचो. तेव्हा राग काही एकट्या तुझ्यावरच नाही.

तू मोकळं केलंस म्हणून गेल्या रविवारी दुपारी गायले. टायरच्या दुकानामागे एक छोटा बार आहे. मी आणि डेल्मर, दोघंच. समोर एकोणीस माणसं, त्यातला एकजण झोपलेला. गिटारची फीत सोडताना गाठ सुटेना, डेल्मरने दाताने सोडली आणि तुझ्या गाठींबद्दल आदर व्यक्त केला.

तुला ऐकवता येत नाही, तेव्हा लिहून सांगते. गाणं नवीन आहे, गेल्या महिन्यातच केलं. एक माणूस दर शनिवारी शर्टाला खळ लावून कडक इस्त्री करतो, केस विंचरतो, पट्टा आवळतो आणि कुठेच जात नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहतो. बायको जाऊन वर्षं लोटली, पण ती नाचायला चल म्हणाली तर आपण तयार असावं म्हणून. तू त्या माणसाला ओळखतेस. त्याच्या इस्त्रीने जळलेली टेबलावरची खूणही तुला माहीत आहे.

चाल संथ आहे, तीन ठेक्यांची. पहिल्या कडव्याला माझा आवाज खरखरीत लागला, चार महिन्यांचा गंज. काउंटरपाशी कुणीतरी बोलत होतं. ‘केस विंचरतो’ या ओळीवर ते बोलणं थांबलं. दुसऱ्या कडव्यात मी पपांसारखी आरोळी घातली, लांब, शेवटी मोडणारी. एक म्हातारे गृहस्थ, पांढरी हॅट, निळे डोळे, आपल्यातले नव्हेत, त्यांनी तशीच आरोळी परत दिली. ती त्यांना कुठे मिळाली कुणास ठाऊक. त्यांच्या बायकोने त्यांचा हात धरला आणि दोघं नाचायला उठली. मग अजून एक जोडपं उठलं.

तिसऱ्या कडव्यात तो माणूस दिवा मालवून शर्ट पुन्हा खुंटीला लावतो. ते मला गाता आलं नाही. मी गिटार खाली घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हललं नाही, नाचणारी तिथेच एकमेकांना धरून थांबली. आणि डेल्मरने ते कडवं एकट्याने स्टीलवर वाजवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

ते कसं होतं, हे लिहायला मी आज सकाळपासून पाच कागद फाडले. आवाजाला काय म्हणायचं ते मला येत नाही. बाकीचं सगळं तुला कळवलं, आत्या. ते मात्र तुला कधीच कळणार नाही, आणि राग निवळल्यावरही मला त्याचंच वाईट वाटत राहील.

नाताळच्या आधी दोन दिवस येते. तमालेंचं पीठ मी आल्याशिवाय मळू नकोस. राग आणि माया दोन्ही घेऊन येईन, जे आधी हाताला लागेल ते घे.

तुझीच,
सेला